लाकूड खाणारा मासा लाकडावर जगत नाही

मागच्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा हवा भरून फुगवलेली प्लॅस्टिकची पिशवी दोन्ही हातांत धरून वर आला. आत बोटाएवढा एक मासा होता. काळपट अंग, त्यावर पिवळसर वाकडेतिकडे पट्टे, आणि तोंडानं पिशवीला आतून घट्ट चिकटलेला. "काका, हा लाकूड खातो. टँकमध्ये लाकूड टाकलं की झालं, दुसरं काही घालायची गरज नाही म्हणाले दुकानात."

हेच वाक्य मी बारा वर्षांपूर्वी ऐकलं होतं आणि खरं मानलं होतं. माझा मासा अडीच महिन्यांत गेला. तो रोज लाकूड खरवडायचा आणि रोज टँकच्या तळाशी तपकिरी भुशाची रास पडायची. ते बघून मी निश्चिंत होतो, कारण जो खातो तो जगतो हा आपला साधा हिशोब. शेवटी त्याचं पोट आत गेलेलं दिसलं तेव्हा उशीर झाला होता. त्याच्या पोटात लाकूड होतं आणि तरीही तो उपाशी मेला. हे कसं घडलं ते समजायला मला पुढची दोन-तीन वर्षं वाचावं लागलं.

आता या माशांची विचारणा पुन्हा वाढली आहे, आणि दुसऱ्या बाजूनं याच कुळातला 'सकर' नद्या-जलाशयांत जाळ्याला लागल्याच्या बातम्याही येत राहतात. बातमीतला मासा आणि पिशवीतला मासा एकच का, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. म्हणून सुरुवात ओळखीपासून करतो.

सकर, प्लेको, पनाके: कोण कुणाचं?

दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत लोरिकॅरिडी नावाचं माशांचं एक मोठं कुटुंब आहे. 'लोरिका' म्हणजे लॅटिनमध्ये चिलखत. या माशांना खवले नसतात, त्याऐवजी अंगावर हाडांच्या पट्ट्या असतात. तोंड खालच्या बाजूला, वाटीसारखं, कुठंही चिकटणारं. या कुटुंबात हजारभर जाती आहेत. शौकीन मंडळी त्यांतल्या बऱ्याच जणांना सरसकट 'प्लेको' म्हणतात आणि आपल्याकडची दुकानं 'सकर' म्हणतात. घोळ इथंच होतो. हजार जातींना एक नाव दिलं की शेवाळ खाणारा, किडे खाणारा आणि लाकूड खरवडणारा, तिघंही एकाच पिशवीत येतात.

लाकूड खरवडणारे त्यांतले मोजकेच. मुख्य दोन गट लक्षात ठेवा: मोठे ते पनाके आणि छोटे ते पनाकोलस. आपल्याकडे 'रॉयल प्लेको' म्हणून येणारा पनाके निग्रोलिनिएटस व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला. राखाडी अंगावर समांतर काळ्या रेघा, लालसर डोळे, आणि वाढून ४० सेंटिमीटरच्या पुढं जाणारा. निळ्या डोळ्यांचा पनाके कोक्लिओडॉन कोलंबियातल्या मॅग्दालेना आणि काउका या नद्यांतला. 'क्लाउन प्लेको' म्हणून विकला जाणारा पनाकोलस मॅकस जेमतेम ९ सेंटिमीटरचा, तोही ओरिनोको खोऱ्यातलाच. याशिवाय हायपोस्टोमस या मोठ्या गटातल्या काही जातीही लाकूड खरवडतात.

दुकानातल्या पाटीवर कधी 'एल १९०', 'एल २०४' असे आकडे दिसतात. हे काही कंपनीचे मॉडेल नंबर नाहीत. १९८०च्या दशकात या कुटुंबातले नवे नवे मासे इतक्या झपाट्यानं युरोपात यायला लागले की त्यांना शास्त्रीय नाव मिळेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. म्हणून 'डाट्स' या जर्मन मासिकानं १९८८ पासून त्यांना तात्पुरते क्रमांक द्यायला सुरुवात केली. 'एल' म्हणजे लोरिकॅरिडी. काहींना नावं नंतर मिळाली, काही अजून आकड्यांवरच आहेत. एल २०४ चं बारसं पनाकोलस अल्बिव्हर्मिस असं २०१३ साली झालं.

आधी पंख मोजा, मग दात बघा

रंगावर जाऊ नका. पिल्लं फसवी असतात, दुकानातल्या निळ्या दिव्यात तर कुठलाही मासा पट्टेरीच दिसतो. दोन खुणा मात्र सहसा फसवत नाहीत.

पहिली खूण पाठीवरचा पंख. तो उभारला की आत काड्या दिसतात, छत्रीत असतात तशा. पुढची जाड काडी सोडून मागच्या मोजा. सात भरल्या तर तो पनाके, पनाकोलस, हायपोस्टोमस किंवा मिशाळ अ‍ॅन्सिस्ट्रस यांपैकी कुणीतरी असण्याची शक्यता मोठी. दहा किंवा जास्त भरल्या तर तो टेरिगोप्लिक्थिस, म्हणजे आपला नेहमीचा सकर. बातम्यांत येतो तोही हाच. पंख जहाजाच्या शिडासारखा मोठा दिसतो म्हणून त्याला 'सेलफिन' असंही म्हणतात.

दुसरी खूण दात. मासा काचेला चिकटला की समोरून मोबाइलनं फोटो काढा आणि मोठा करून बघा. सकरचे दात फणीसारखे असतात, बारीक, एकसारखे, अगदी खच्चून भरलेले. त्या फणीनं तो दगडावरचं शेवाळ विंचरून काढतो. पनाकेचे दात मोजता येतील इतके कमी, पण जाड आणि टोकाशी चमच्यासारखे खोलगट. दातांच्या दोन रांगा सरळ रेषेत नसतात, निमुळत्या कोनात येतात, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या. सुताराकडं गेलात तर फरक लगेच कळेल. सकरकडं ब्रश आहे, पनाकेकडं गोल पटाशी. ब्रशनं लाकडावरची धूळ निघते, पटाशीनं लाकूडच निघतं.

एक सावधगिरी. पांढऱ्या अंगावर काळे पट्टे असलेला झेब्रा प्लेको दिसला तर त्याला लाकूडखाऊ समजू नका. तो ब्राझीलच्या झिंगू नदीतला, किडे-अळ्या खाणारा. त्याला काकडी घालून ठेवली तर तो खंगत जाईल. पट्टे आहेत म्हणून नातं आहे असं नसतं.

लाकूड पोटात गेल्यावर काय होतं?

आता मुख्य मुद्दा. लाकडाचा मोठा भाग सेल्युलोज असतो. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. ती साखळी तुटली तर साखर, नाही तुटली तर भुसा. कडब्यातही सेल्युलोजच असतं, आणि गाय त्यावर जगते. कशी? गाय स्वतः ते पचवत नाही. तिच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात अब्जावधी जिवाणू असतात, ते साखळी तोडतात. पण या कामाला वेळ लागतो. गाय खाते, बसून रवंथ करते, पुन्हा गिळते, आणि कडबा एक-दोन दिवस तरी पोटात आंबत राहतो. वाळवीच्या पोटातही असेच मदतनीस असतात.

मग पनाकेच्या पोटातही तसंच असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. डोनोव्हन जर्मन या अमेरिकी शास्त्रज्ञानं पेरूमधल्या मारान्योन नदीतले लाकूडखाऊ मासे घेऊन ते तपासलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनी ही समजूत उलटवली. लाकूड या माशांच्या आतड्यातून ४ तासांच्या आत बाहेर पडत होतं. आंबवायला कप्पा नाही. आंबल्यावर जी आम्लं तयार होतात त्यांचं प्रमाण नगण्य. सेल्युलोज तोडणारी विकरं, म्हणजे पचन घडवणारे रस, फारच थोडे. प्रयोगशाळेत नुसत्या लाकडावर ठेवलेल्या माशांचं वजन घटलं.

हे वाचलं त्या दिवशी मला माझा मेलेला मासा आठवला.

पण मग निसर्गात तो लाकूड खातो तरी कशाला? याचं उत्तर सोलापूरच्या माणसाला समजायला सगळ्यात सोपं आहे, कारण आपल्या जिल्ह्यात पावलोपावली साखर कारखाने आहेत. गव्हाणीत उसाची मोळी पडते. चरकातून रस निघतो, चिपाड दुसऱ्या बाजूनं बाहेर जातं. कारखान्यात ऊस टनांनी जातो म्हणून साखर उसाच्या काडीतून येते असं कुणी म्हणत नाही, ती रसातून येते. काडी ही रसाची पिशवी.

पनाके हा तसा चालता-पोहता चरक आहे. अ‍ॅमेझॉन-ओरिनोकोच्या पाण्यात पडलेलं झाडाचं खोड वर्षानुवर्षं कुजत असतं. त्याच्या वरच्या थरात बुरशी घुसते, जिवाणू घुसतात, शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो, बारीक जीव राहतात. कठीण साखळ्या तोडायचं अवघड काम या बुरशीनं आणि जिवाणूंनी आधीच उरकलेलं असतं. मासा पटाशीनं तो थर लाकडासकट उचलतो, त्यातला रस घेतो आणि चिपाड काही तासांत मागं टाकतो. रस थोडाच असल्यामुळं त्याला सतत खावं लागतं आणि सतत टाकावं लागतं. शास्त्रज्ञ अशा खाणाऱ्याला कुजकट-भक्षक म्हणतात. कुजणाऱ्या वस्तूवर, किंबहुना ती कुजवणाऱ्यांवर जगणारा.

आता आपल्या टँकमध्ये काय असतं बघा. दुकानातून आणलेलं, वाळवलेलं, उकळून स्वच्छ केलेलं लाकूड. म्हणजे चरकात आपण चिपाडच घालतो. मासा इमानानं ते पिळतो, कारण पिळणं हा त्याचा स्वभाव आहे. बाहेर भुसा पडतो, मालकाला बरं वाटतं, आणि मासा रोज थोडा थोडा रिकामा होत जातो.

"पण त्याच्या पोटात खास जिवाणू असतात असं वाचलंय"

बरोबर वाचलंय. पनाकेच्या आतड्यात सेल्युलोजवर काम करणारे जिवाणू असल्याचं १९९९ सालच्या एका अभ्यासात दाखवलं गेलं होतं. २०१५ मध्ये आणखी एक चकित करणारी गोष्ट समोर आली. पनाके निग्रोलिनिएटसच्या आतड्यात हवेतला नायट्रोजन बांधून घेणारे जिवाणू सापडले, शेंगदाण्याच्या मुळावरच्या गाठींत असतात तसलं काम करणारे. लाकडात प्रथिनं जवळजवळ नसतातच, त्यामुळं अशी मदत या माशाला मोलाची असणार.

मग या दोन्ही गोष्टी एकमेकींना खोट्या पाडतात का? मला तसं वाटत नाही. जिवाणू असणं वेगळं आणि त्यांच्या कमाईवर घर चालणं वेगळं. शेतकऱ्याच्या घरी परसात दोन कोंबड्या असतात, त्यांची अंडी घराला मिळतात, पण वर्षाचं पोट शेतावर भरतं. चार तासांत बाहेर पडणाऱ्या लाकडातून जिवाणू किती काढून देणार? शास्त्रज्ञांमध्ये यावर अजून बोलणं चालू राहील. टँकवाल्यासाठी मात्र निष्कर्ष स्पष्ट आहे. नुसत्या लाकडावर ठेवलेल्या माशाचं वजन घटतं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मग लाकूड ठेवायचंच कशाला?

ठेवायचंच. लाकडाशिवाय पनाके ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. दिवसभर तो लाकडाच्या सांदीत लपतो, रात्री त्याच्यावर चालतो. लाकूड टँकमध्ये दोन-चार महिने मुरलं की त्याच्यावरही बुळबुळीत थर चढतो, आणि तो थर माशाचं खरंखुरं अन्न असतो. म्हणून नवीन लाकडाआधी जुनं लाकूड, हा माझा आग्रह. मित्राच्या टँकमधलं वर्षभर पाण्यात राहिलेलं लाकूड मिळत असेल तर विकतच्यापेक्षा ते आणा. फक्त त्या टँकमध्ये आजारी मासा नव्हता एवढं विचारून घ्या.

नव्या लाकडावर पहिल्या काही आठवड्यांत पांढरा कापसासारखा थर येतो आणि लोक घाबरून ते काढून टाकतात. तो बहुधा निरुपद्रवी असतो, लाकूडखाऊ मासा तो आवडीनं खातो. पाणी चहासारखं पिवळसर होतं तेही लाकडातून सुटणाऱ्या टॅनिन नावाच्या द्रव्यामुळं. माशाला त्याचा त्रास नाही. बघवत नसेल तर लाकूड आधी आठ-पंधरा दिवस बादलीत भिजवून पाणी बदलत राहा.

लाकूड कोणतं? बाजारात ड्रिफ्टवूड मिळतं, ते चालतं. घरचं हवं असेल तर पेरूची पूर्ण वाळलेली, साल काढलेली जाड फांदी सगळ्यात बरी. उकळून भिजवून घ्या म्हणजे बुडेल. कडुलिंब नको, त्यात किडे मारणारी द्रव्यं असतात आणि हा मासा ते लाकूड पोटात घेणार आहे, नुसता त्याच्यावर बसणार नाही. निलगिरी नको. चीक असलेलं कुठलंही झाड, रुई, शेर, कण्हेर, अजिबात नको. प्लायवुड आणि रंग-पॉलिश लागलेलं लाकूड नको. आणि एक आपल्या गावापुरती सूचना: जुन्या मागाचे लाकडी धोटे काही जण शोभेला टँकमध्ये ठेवतात. दिसतात सुंदर, पण त्यांच्यात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं आणि टोकांना लोखंड असतं. हा मासा असलेल्या टँकमध्ये ते ठेवू नका.

ताटात काय वाढायचं?

रोज संध्याकाळी दिवा बंद झाल्यावर काहीतरी पडलं पाहिजे. दोडका माझ्या अनुभवात पहिल्या नंबरचा. साल काढून बोटभर जाडीची चकती, दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, गार करून स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी. याशिवाय काकडी, लाल भोपळा, रताळं, पालकाचं पान. भाजीवर औषध मारलेलं असतं, म्हणून धुणं आणि सोलणं टाळू नका. सकाळी उरलेलं काढून टाका. मे महिन्यात रात्रीतूनच पाणी नासतं, तेव्हा चार-पाच तासांतच काढा.

भाजीत पाणीच जास्त, म्हणून आठवड्यातून तीन-चारदा तळाशी बुडणाऱ्या शेवाळाच्या वड्या, ज्यांना दुकानात अल्गी वेफर म्हणतात, त्या द्याव्यात. अळ्या किंवा कोळंबीचा खाऊ अगदी क्वचित आणि चिमूटभर. लांब आणि बारीक आतड्याच्या माशाला जड जेवण सोसत नाही.

पुरेसं मिळतंय का हे भुशावरून ठरवू नका, पोटावरून ठरवा. मासा काचेला चिकटला की खालून पोट दिसतं. ते सपाट किंवा किंचित फुगीर असावं. वाटीसारखं आत गेलेलं असेल, डोळे खोल गेले असतील तर तो उपाशी आहे. दुकानात घेतानाही हेच बघा. हे मासे बहुतेक नदीतून पकडून आणलेले असतात, हजारो मैलांच्या प्रवासात त्यांना खायला मिळालेलं नसतं. खोल पोटाचा मासा दया येऊन घेऊ नका असं सांगणं मला जड जातं, पण नवशिक्याच्या हातून तो सहसा वाचत नाही.

नवीन मासा पहिले काही दिवस तुमच्यासमोर खाणार नाही. रात्री दिवे गेल्यावर कान द्या. शांत घरात लाकडावर दात घासल्याचा खर्रखर्र आवाज स्पष्ट येतो. माझ्या आईला पहिल्यांदा उंदीर लागल्यासारखं वाटलं होतं.

सोलापूरचं पाणी आणि सोलापूरचा उन्हाळा

लोक मला विचारतात, अ‍ॅमेझॉनचा मासा म्हणजे गरम प्रदेशातलाच ना, मग आपल्या उन्हाळ्याची काय भीती? भीती आहे. या माशांना २४ ते २८ अंश पाणी मानवतं. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये बाहेर ४२-४३ अंश होतात, आणि स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याच्या खोलीत टँकचं पाणी ३३-३४ वर सहज जातं.

उष्णता स्वतः मारते त्याहून जास्त ती ऑक्सिजन पळवून मारते. गार सोड्यात वायू टिकून राहतो आणि सोडा गरम झाला की निघून जातो, तेच इथं होतं. समुद्रसपाटीला २५ अंशांच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६, ३५ अंशांना ७ च्याही आत. सोलापूर साडेचारशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळं आपल्याकडं त्याहून थोडा कमीच. उलट गरम पाण्यात माशाला श्वास जास्त लागतो. आणि पनाके खळाळत्या नद्यांतला मासा, त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो. साधा सकर अडचणीत पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि जठराच्या आवरणातून ती वापरतो, म्हणून तो कुठंही तग धरतो. पनाकेकडून ती अपेक्षा ठेवू नका. दुपारी वीज गेली, पंप बंद पडला, की सकर उरतो आणि पनाके जातो.

उपाय आपल्या घरातच आहे. माठ गार का होतो? पाणी झिरपून वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. टँकचं झाकण काढून पाण्यावर लहान पंखा तिरका लावला तर तेच घडतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. आपली हवा कोरडी असते, इथं तिचा फायदाच होतो. वर जाळी टाका म्हणजे मासे उडी मारणार नाहीत. बर्फ थेट टाकू नका, तापमान एकदम बदलतं. वीज गेल्यावर हवा सोडायला बॅटरीवर चालणारा एक छोटा पंप घरात असू द्या. तो मी माशाच्या किमतीतच धरतो.

पंख्यानं पाणी उडतं, क्षार मात्र मागंच राहतात. रोजची घट बोअरच्या पाण्यानं भरली तर महिन्याभरात टँकचं पाणी खारं-जड होतं. शेगडीवर सांबार आटत गेलं की खारट होतं, तसंच. म्हणून उन्हाळ्यातली भर कमी क्षारांच्या पाण्यानं करा. घरातल्या आरओ मशीनचं शुद्ध पाणी यासाठी चालतं. तिच्या सांडपाण्याच्या नळीतलं मात्र कधीच घालू नका, त्यात क्षार दामदुप्पट असतात.

नळाचं पाणी आपल्याकडं काही दिवसांच्या अंतरानं सुटतं, त्यामुळं साठवायची सवय सगळ्यांनाच आहे. ती इथं उपयोगी पडते. उघड्या पिंपात एक दिवस राहिलेल्या पाण्यातला साधा क्लोरीन बराचसा उडून जातो. ताजंच घालायची वेळ आली तर दुकानात मिळणारे हायपोचे खडे किंवा क्लोरीन मारणारं औषध वापरा. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. पाणी सुटण्याच्या दिवशीच बदलायचं असं ठरवलं की विसरायला होत नाही. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ६.५ ते ७.५ च्या आसपास असेल तर ठीक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा आकडा रोज वर-खाली होऊ नये. आज बोअर, उद्या नळ, परवा टँकर असं पाणी या माशाला झेपत नाही.

भुशाबद्दल एक सांगायचं राहिलं. हा मासा लाकडाचं पीठ पाडतो, आणि ते फिल्टरचा स्पंज भरून टाकतं. स्पंज काढून टँकच्याच पाण्यात दर आठवड्याला पिळा. नळाखाली धुतलात तर त्यातले पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू मरतील.

काच साफ करेल का?

नाही. ते ब्रशवाल्याचं काम, हा पटाशीवाला आहे. काच साफ करायला तुम्ही आहात.

केवढा टँक लागेल?

क्लाउनसारख्या छोट्या पनाकोलसला तीन फुटी टँक पुरतो. ३ × १.५ × १.५ फुटांच्या टँकमध्ये साधारण १९० लिटर पाणी मावतं. रॉयलला सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच हवा. म्हणजे जवळपास ६८० लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात काच, दगड आणि स्टँड धरा. जुन्या माळवदी घरात किंवा गॅलरीत हे ओझं ठेवण्याआधी इमारतीच्या जाणकाराला विचारा. दुकानातलं तीन इंची पिल्लू बघून रॉयल घेणाऱ्याला मी दरवेळी हा हिशोब कागदावर करून देतो.

नकोसा झाला तर कंबर तलावात सोडू का?

हा प्रश्न विचारणारी माणसं दयाळू असतात, म्हणून रागावून उत्तर देता येत नाही. पण उत्तर ठाम नाही असंच आहे. सकर स्वस्तात मिळतो, वर्षा-दोन वर्षांत हातभर होतो, टँकमध्ये मावत नाही, आणि माणूस 'बिचाऱ्याला मोकळं पाणी मिळू दे' म्हणून तळ्यात सोडतो. अशानंच तो पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांत आणि आंध्रातल्या नद्यांत पसरला. आंध्रात कोळी त्याला 'दय्यम चेपा' म्हणतात, भुताचा मासा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषकांना हा शब्द सांगावा लागणार नाही. त्याच्या काटेरी चिलखतानं जाळी फाटतात. घरट्यासाठी तो काठात बिळं पाडतो आणि काठ ढासळतात. शेवाळ आणि तळातलं खाद्य तो संपवतो. बाजारात त्याला भाव नाही. उजनीत बाहेरून आलेल्या चिलापीनं जागा कशी व्यापली ते भीमाकाठच्या कुणाही कोळ्याला विचारा.

पनाके सकरइतका चिवट नाही, तळ्यात सोडला तर बहुधा मरेल. म्हणून सोडला तरी चालेल असं मात्र नाही. त्याच्याबरोबर टँकमधले रोग आणि परजीवी तळ्यात जातात. कंबर तलाव असो, सिद्धेश्वर तलाव असो की हिप्परगा, तिथं आधीच जे मासे आहेत त्यांना हे नको. मासा नकोसा झाला तर दुकानात परत द्या, पैसे मिळाले नाहीत तरी द्या. दुसऱ्या शौकिनाला द्या. माझ्याकडं असे दोन आलेत, मी कुणालाच नाही म्हणालेलो नाही.

खालच्या मजल्यावरचा मासा

त्या मुलाच्या माशाचा पंख आम्ही दोघांनी मिळून मोजला. तो चार दिवस पंख मिटूनच बसला होता, पाचव्या रात्री टॉर्चच्या उजेडात उभारला. पुढची काडी सोडून सात. दातांचा फोटो काढायला आणखी एक आठवडा गेला. चमच्यासारखे, मोजता येणारे, व्ही अक्षरात. पनाकोलस, बहुतेक क्लाउनच. पोट मात्र आत गेलेलं होतं.

माझ्या टँकमधलं सगळ्यात जुनं, काळं पडलेलं लाकूड मी त्याला दिलं. त्याच्या आईनं दोडक्याची एक चकती रोज वेगळी काढायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात सकाळी शाळेत जाण्याआधी तो धावत वर आला. चकतीला मधोमध भोक पडलं होतं, कडा राहिली होती, बांगडीसारखी. ती त्यानं मला दाखवायला काट्याला टोचूनच आणली होती.